तू वर आलीस

१

"तुमच्या गेममध्ये दोष आहे, असं मला लिहून द्या," म्हणत एक माणूस माझ्या दारात उभा राहिला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी फोनवर वाचायचे गेम लिहिते. त्यात चित्रं नाहीत, बंदुका नाहीत, गाणीही नाहीत. नुसता मजकूर. थोडं वाचायचं, खाली दोन पर्याय येतात, एकावर बोट ठेवायचं आणि गोष्ट त्या वाटेने पुढे जाते. एकदा ठेवलेलं बोट मागे घेता येत नाही, हा माझा हट्ट. त्यापायी लोक मला शिव्या घालतात आणि मी त्या कौतुकाने वाचते. तर दोष म्हटल्यावर मी त्याला आत घेतलं ते भांडायलाच.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. निळा गणवेश, नखांत ग्रीस, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि आवाज मात्र परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. खुर्चीच्या काठावर बसून त्याने जे सांगितलं, ते ऐकता ऐकता माझं भांडण जागच्या जागी विरलं.

त्याचे वडील शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शेवटच्या वर्षात त्यांचा एक पाय कामातून गेला, मशीन सुटली, आणि वेळ जावा म्हणून ते माझा 'जिना' खेळायला लागले. 'जिना'मध्ये एक मोठी इमारत आहे. वीज गेलेली, खालून पाणी चढतंय. तुम्ही एका लंगडणाऱ्या सोबत्याचा हात धरून मजल्यामागून मजले चढता. शेवटच्या जिन्यावर तो म्हणतो, मला सोड. आणि पडद्यावर दोन ओळी येतात : 'हात धरून इथेच थांब' आणि 'हात सोड आणि वर जा'. दवाखान्यातल्या खाटेवर मास्तर तिथपर्यंत पोचले, दोन्हींपैकी कशावरच बोट न ठेवता फोन मुलाच्या हातात दिला आणि त्याच आठवड्यात गेले.

तेव्हापासून तो फोन मास्तरांच्या बायकोने जपला होता. रोज दुपारी चहाच्या वेळी ती कातरी खाली ठेवायची, फोन उघडायची आणि त्या दोन ओळींकडे बघत बसायची. त्यांनी अजून माझा हात सोडलेला नाही, असं म्हणायची. फोनला कोणी हात लावलेला तिला खपायचं नाही.

आणि गेल्या आठवड्यात तिने फोन उघडला तर प्रश्न नव्हताच. कोणीतरी 'हात सोड'वर बोट ठेवलं होतं. गोष्ट संपली होती.

"आईने माझ्या बायकोवर आळ घेतलाय," तो म्हणाला. "घरात दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. रविवारी बायकोचा भाऊ तिला न्यायला येतोय. एकदा गेली की ती परत येईल असं मला वाटत नाही. तुम्ही फक्त लिहून द्या, की गेम बिघडला आणि आपोआप संपला. म्हणजे कोणीच दाबलं नाही. विषय मिटेल."

माझ्या गेममध्ये काहीही आपोआप होत नाही, हे मी त्याला जरा फणकाऱ्यानेच सांगितलं. त्यावर तो ओशाळला. म्हणाला, मला यातलं काही कळत नाही, मी असले गेम कधी खेळलो नाही, आईला दिल्यापासून तो फोन मी हातात घेतलेला नाही. "पण काय लिहिता हो तुम्ही! एवढे जिने ती बिचारी अनवाणी चढून आली, आणि शेवटी तिला हात सोडायला सांगता?"

आता मला सांगा, कोणता लिहिणारा माणूस यावर पाघळणार नाही? मी त्याला चहा केला. खोटं लिहून देणार नाही, पण रविवारी सकाळी तुमच्या घरी येते आणि कोणी दाबलं ते शोधून देते, असं वचनही देऊन बसले.

चहा त्याने अर्धाच प्यायला. यायची एवढी काय गरज आहे, असं दारातून दोनदा म्हणाला.

२

खाली दुकान आणि वर घर. दुकानात दोन मशीन, कापायचं लांब टेबल, आणि हॉटेलातल्या वाढप्यांच्या काळ्या पॅंटींचा ढीग. मास्तरांची बायको, म्हणजे काकू, मशीनवर बसल्या होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या न काढताच त्यांनी मला बसा म्हटलं, आणि न काढताच सुनेबद्दल बोलल्या. बाई टाचण्यांतून एवढं स्पष्ट बोलू शकते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

फोन त्यांनी खणातून काढून माझ्यापुढे धरला. हातात मात्र दिला नाही. पडद्यावर मीच लिहिलेलं शेवटचं पान होतं : 'तू वर आलीस. उजेडात आधी काही दिसत नाही. मग दिसायला लागतं.'

"बघा," काकू म्हणाल्या, आणि आता टाचण्या काढल्या. "आलीस म्हणतोय. ह्यांनी दाबलं असतं तर आलास म्हणाला असता. फोनने ओळखलं तिला. या घरात बायका दोन. मी दाबलं नाही. मग राहिलं कोण?"

सुनेने एकदा त्यांना म्हटलंही होतं, आई, आता हे बंद करा, तुम्हाला त्रास होतो. ते वाक्य काकूंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

मी म्हटलं, काकू, फोनला बोट कोणाचं ते कळत नाही. मी माझ्या गेममध्ये तुम्ही पुरुष की बाई हे कोणाला विचारत नाही, मला ते सरकारी वाटतं. त्याऐवजी दुसऱ्याच पानावर माणूस पायरीवरून घसरतो आणि ओरडतो. तिथे दोन पर्याय असतात : 'आई गं, पडलो!' आणि 'आई गं, पडले!' तिथे तुम्ही जे निवडाल ते शेवटपर्यंत कायम. पडले म्हणालात की गोष्ट तुम्हाला आलीस, गेलीस, थांबलीस म्हणते. मग शेवटच्या पानावर मांजराने पंजा ठेवला तरी ती आलीसच म्हणणार.

काकूंना हे पटेना. रोज मी ते पान वाचत होते, म्हणाल्या, त्यात कुठे बाईचं नाव नव्हतं.

बरोबरच होतं, नव्हतं. ते पान मला तोंडपाठ आहे. 'तू त्याचा हात घट्ट धरला आहेस. पायरी ओली आहे. तू वरचा उजेड पाहिलास. तो म्हणतो, मला सोड.' हात धरला, उजेड पाहिला. आपल्या भाषेत अशा वाक्यात क्रियापद हाताकडे बघतं, उजेडाकडे बघतं, करणाऱ्याकडे बघतच नाही. करणारा बाई की बुवा, पत्ता लागत नाही. आली, पडली, थांबली असं काही आलं की मगच लपता येत नाही. त्या पानावर असलं एकही वाक्य नव्हतं. शेवटच्या पानावर पहिल्याच ओळीत आलं.

"म्हणजे ते 'पडले' ह्यांनीच निवडलं?" काकू माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मीच त्यांच्या नवऱ्याची अब्रू काढली. "माझा नवरा काय बाई होता?"

चुकून बोट लागलं असेल का, असं मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की शेवटपर्यंत ते चष्मा न लावता सुईत दोरा ओवायचे. मग चूक नव्हती ती. मास्तरांनी जाणूनबुजून गोष्टीत बाई व्हायचं ठरवलं होतं, आणि का ते आम्हा दोघींनाही कळत नव्हतं.

मागची पानं वाचली असती तर काही उमगलं असतं. 'जिना'मध्ये तशी सोय आहे, खाली 'वाचलेलं' म्हणून एक खूण असते, तिथून आधीची पानं बघता येतात. पण शेवट झाला की ती वाट बंद. ही पण माझीच करामत. संपलेल्या गोष्टीत लोकांनी उकरत बसू नये, असं मला वाटायचं. आज मला माझ्या अकलेची कीव आली. ती खूण काकूंना कधी दिसलीच नव्हती. त्या दोन ओळींपलीकडे त्यांनी काही पाहिलंच नव्हतं.

"बाई असो की पुरुष," काकूंनी फोन खणात ठेवला आणि खण धाडकन लावला. "दाबलं तिनेच. ह्यांची एवढी एक गोष्ट माझ्याकडे होती, ती तिला बघवली नाही."

वर कोणाच्या तरी पावलांचा आवाज थांबला. वर सगळं ऐकू जात होतं.

३

टेबलापाशी उभा असलेला कारागीर इतका वेळ मूग गिळून पॅंटींना इस्त्री करत होता. काकू चहा टाकायला आत गेल्या तसा तो सुटला. मास्तरांच्या हाताखाली त्याचे केस पांढरे झाले होते, आणि त्यांच्याबद्दल बोलायला त्याला कोणी तरी हवंच होतं.

त्याने फोन उघडला असेल का, हे मी आडून आडून विचारलं. तो हसला. म्हणाला, बाई, मला शिवण दिसते, अक्षर दिसत नाही. घरी आलेलं वीजबिल मी शेजाऱ्याकडून वाचून घेतो. आणि मुलगा दुकानात येतो का, असं विचारलं तर म्हणाला, तो लहानपणापासून इथे घटकाभरही बसत नाही, खडूच्या भुकटीने त्याला शिंका येतात.

मग मास्तरांच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट निघाली. पाय गेल्यावर ते त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फोन वाचत, आणि मधेच मान वर करून काकूंना वेडेवाकडे प्रश्न विचारत. काकू मशीनच्या घरघरीत खेकसून उत्तर देत, आणि मास्तर समाधानाने परत फोनमध्ये तोंड घालत.

"कसले प्रश्न?" मी विचारलं.

त्याने नक्कल करून दाखवली. अंधारात तू भिंत चाचपत जाशील, का हाक मारशील? कुलूपबंद खोलीतून कोणी तरी रडल्याचा आवाज आला तर थांबशील, का पुढे जाशील? कारागिराला हसू आवरत नव्हतं. एकदा काय म्हणे, जिना ओला असला तर तू चपला घालून चढशील, का काढून? काकू म्हणाल्या, काढून. आणि तुम्हाला पण काढायला लावीन, नाहीतर पडाल आणि मलाच उचलावं लागेल.

तो हसत होता. हे सगळे प्रश्न माझे होते. भिंत, हाक, रडणारी खोली, सगळे पर्याय मीच लिहिलेले. मास्तर गोष्टीत उगाच बाई झाले नव्हते. ते काकू झाले होते. प्रत्येक वळणावर त्यांनी बायकोला विचारून बोट ठेवलं होतं, आणि लंगड्या सोबत्याच्या जागी स्वतःला बसवलं होतं. ती आपल्याला कुठवर नेते, हे ते बघत होते.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसायलाही विसरले, कारण दुसरीच एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती. चपला भिरकावून अनवाणी चढायची वाट 'जिना'मध्ये आहे, पण ती फार आधी, खालच्या मजल्यांवर. शेवटच्या दोन पानांवर तिचा उल्लेखही नाही. मागची पानं आता कोणाला उघडता येत नाहीत.

आणि तरीही 'ती बिचारी अनवाणी चढून आली' हे वाक्य मला एका माणसाने ऐकवलं होतं. कधीही गेम न खेळलेल्या, फोन हातात न घेतलेल्या माणसाने. मी त्याला चहा केला होता.

४

वर सूनबाई बॅग भरत होती. ती दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती, आणि बॅगही तशीच भरत होती, प्रत्येक वस्तू ठरल्या जागी, ठरल्या क्रमाने. खालचं बोलणं तिने ऐकलं होतंच. गेमच्या व्याकरणाने ती सुटली, पण सासूच्या मनातून सुटली नाही, हेही तिला कळलं होतं.

मी तिच्यासमोर बसले आणि सरळच विचारलं. ती म्हणाली, मी नाही दाबलं, एवढंच सांगेन.

"पण कोणी दाबलं ते तुला ठाऊक आहे."

तिने हातातला टॉवेल घडी केला, मोडला, परत केला. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"माझ्या तोंडून नाही येणार, ताई. ज्याचं आहे त्याने बोलावं. दादा मला न्यायला दुपारी येईल. तोवर त्याला वेळ आहे."

मी म्हटलं, मला कळलंय. मी खाली जाऊन आत्ता सांगू शकते, तुझ्यावरचा आळ या क्षणी पुसला जाईल. तर तिने माझा हात धरला. तुम्ही सांगितलंत तर मला कधीच कळणार नाही, म्हणाली, की तो माझ्यासाठी स्वतःहून बोलला असता का. मला तेवढंच बघायचंय. मी गप्प राहायचा शब्द दिला.

मी खाली उतरले ती स्वतःवरच चिडून. मला कोडं सोडवायचं होतं, सोडवून शाबासकी घ्यायची होती. आता कोडं सुटलं होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

५

लिफ्टवाला मागच्या दारात बसून एक चांगलं चालणारं कुलूप दुरुस्त करत होता. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले आणि एकच शब्द उच्चारला.

"अनवाणी."

त्याचा हात थांबला. आधी त्याला काही कळेना, मग कळलं, आणि त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. नाकारायचा त्याने प्रयत्नही केला नाही. उलट बोलायला लागला तर थांबेना, इतके दिवस ते आत कोंडून ठेवलं होतं.

दवाखान्यात फोन हातात देताना वडील म्हणाले होते, हा तिला दे. उरलेलं तिचं आहे. तापात बडबडताहेत असं त्याला वाटलं. त्याने फोन दिला, निरोप दिलाच नाही. आई रोज ते पान उघडून रडायची, आणि त्याला वाटायचं हे कधी तरी थांबायला हवं. मग एका दुपारी आई माप घ्यायला बाहेर आणि कारागीर जेवायला गेला असताना त्याने दुकानातल्या खणातून फोन काढला आणि मागच्या पायरीवर येऊन बसला. सहज खालच्या खुणेला बोट लागलं आणि मागची सगळी पानं उघडली. तो वाचत गेला. पडले, घसरलीस, चपला काढल्यास, थांबलीस. त्याने आईला त्या गोष्टीत पहिल्याच मजल्यावर ओळखलं. उरलेलं तिचं आहे, म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

"मग तिला जाऊन सांगायचं ना!" मी म्हटलं.

"काय सांगू? बाबांनी तुझ्यासाठी निरोप ठेवला होता, आणि इतके महिने मी तो दिलाच नाही, असं?" तो जमिनीकडे बघत होता. "मला वाटलं ते संपवून टाकलं तर निरोपाचा प्रश्नच राहणार नाही. आईही सुटेल. म्हणून मीच दाबलं. संध्याकाळी सांगणार होतो. पण आईने बायकोचं नाव घेतलं, ती गप्प राहिली, आणि मग मीही राहिलो. एक दिवस गेला, मग दुसरा गेला. आता कसं सांगू?"

मला त्याची कणव आली आणि त्याच्या मुस्कटात द्यावीशीही वाटली. मी म्हटलं, भाऊ यायच्या आत बोल. मी बोलणार नाही, तूच बोल. तुझी बायको त्याचीच वाट बघतेय.

"तिला माहीत आहे?" त्याने विचारलं.

उत्तर द्यायच्या आत रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

६

भाऊ गाडीतून उतरलाच नाही. सूनबाई बॅग घेऊन खाली आली. बॅग जड होती, लिफ्टवाल्याने पुढे होऊन ती घेतली, आणि सगळेजण दुकानात येऊन थांबले. कारागिराने इस्त्री बाजूला ठेवली.

सूनबाईने सासूला वाकून नमस्कार केला. काकू मशीनवरून उठल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, जाताना तरी खरं सांगून जा.

सूनबाईने सासूकडे पाहिलं नाही. नवऱ्याकडे पाहिलं. आम्ही सगळेच पाहत होतो. त्याने तोंड उघडलं, मला वाटलं आता बोलेल, आणि तो म्हणाला, "गाडीत बॅग मागे ठेवू का पुढे?"

मग माझा संयम सुटला. मी सूनबाईला दिलेला शब्द मोडला, त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण तिला उत्तर मिळालं होतं आणि आता गप्प बसण्यात काही अर्थ नव्हता. मी काकूंना सगळं सांगितलं. अनवाणी हा शब्द कुठून आला. शेवट झाल्यावर मागची पानं बंद होतात, म्हणून तो शब्द माहीत असलेल्या माणसाने शेवटाच्या आधी ती उघडलेली असणार. कारागिराला अक्षर दिसत नाही, तुम्हाला ती खूण माहीत नाही. आणि ज्याला अनवाणी माहीत होतं, त्याला 'ती'ही माहीत होतं, म्हणजे त्याने दुसऱ्या कोणाच्या फोनवर नाही, मास्तरांच्याच फोनवर वाचलं होतं.

काकूंनी माझं बोलणं संपेपर्यंत मुलावरची नजर काढली नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि होकारार्थी मान हलवली. मग त्या स्टुलाकडे बघत मी मास्तरांच्या प्रश्नांचं सांगितलं. आणि निरोप त्याने स्वतःच सांगितला, इतक्या हळू की काकूंनी दोनदा विचारला.

"उरलेलं तिचं आहे," तो म्हणाला.

दुकानात मशीनचा दिवा तेवढा जळत होता. काकूंनी टेप गळ्यातून काढून गुंडाळला. रडल्या नाहीत. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मला वाटायचं ह्यांनी माझा हात धरलाय," त्या म्हणाल्या. "मी रोज बघत बसायचे. आणि ते तिथे बसून माझी वाट बघत होते, मी कधी सोडते म्हणून."

माझ्या आयुष्यात मी कोणासाठी पान परत उघडलेलं नाही. त्या दिवशी मी काकूंना म्हटलं, ते पान मी परत आणून देऊ शकते, घरी जाऊन थोडं काम करावं लागेल, तुम्ही म्हणाल तर आजच करते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हे कळायच्या आधी आणलं असतंत तर उपयोग होता, म्हणाल्या. आता पोराचं बोट लागलंय त्याला.

मग त्या सुनेकडे वळल्या. हात जोडायला लागल्या, तर तिने ते धरून खाली केले.

"तुम्ही आळ घेतलात आई, तो मी विसरेन. तुम्हाला माहीत नव्हतं. मी त्याला वरच्या गॅलरीतून पाहिला होता, मागच्या पायरीवर फोन हातात घेतलेला, त्याच दुपारी. वाट बघत होते, आज बोलेल, उद्या बोलेल." आता ती नवऱ्याकडे वळली. "तुला सगळं माहीत असताना तू रोज माझ्या शेजारी झोपत होतास. मी रडत होते आणि तू माझ्या पाठीवर हात फिरवत होतास. ते मला नाही विसरता यायचं."

तिने बॅग उचलली आणि दाराकडे निघाली.

"थांब," काकू म्हणाल्या.

मला वाटलं आता त्या तिला अडवतील, गळ्यात पडतील, मुलासाठी पदर पसरतील. सूनबाईलाही तेच वाटलं असणार, कारण ती थांबली ती पाठमोरीच.

"तुझ्या भावाकडे दोघींची सोय होईल का?"

सूनबाई गर्रकन वळली. काकू मशीनवर झाकण घालत होत्या. लिफ्टवाला पुढे आला, आई, तू कुठे निघालीस, असं काहीतरी पुटपुटला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, आणि मास्तरांचा फोन खणातून काढून त्याच्या हातात ठेवला.

"माझं ठरवायचं होतं ते तू ठरवलंस," त्या म्हणाल्या. "हे तरी माझं मला ठरवू दे. हिला मी घालवली असती. आता ही येईन म्हणेल तेव्हा मी येईन, नाही म्हणाली तर नाही."

वर जाऊन त्यांनी चार कपडे आणि स्वतःचा फोन पिशवीत टाकला आणि पायांत चपला सरकवत उतरल्या. सासू पुढे, सून मागे, दोघी गाडीत बसल्या. भावाच्या चेहऱ्यावर प्रश्नच प्रश्न होते, पण शहाणा माणूस, त्याने एकही विचारला नाही. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी लिफ्टवाला फोन धरून उंबऱ्यात उभा होता.

कोडं मीच सोडवलं होतं. माझी पिशवी उचलली आणि त्याच्या बाजूने बाहेर पडले, तेवढ्यात आतून कारागिराने विचारलं, वाढप्यांच्या पॅंटी उद्या द्यायच्या आहेत, दुकान उघडं ठेवू का बंद करू?

लिफ्टवाल्याने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला नका विचारू. आईला फोन करून विचारा."